फेफऱ्याची गोळी आणि अप्पांचं काळीज

मेहकर, ता. भालकी
१२ जानेवारी १९७५

तीर्थरूप भीमराज मामांना सुजाताचा सविनय जयभीम.

कार्डाऐवजी पाकीट बघून दचकू नका, घरात सगळे जिवंत आहेत. (एवढा मजकूर कार्डात मावत नाही, म्हणून पाकीट.) गुलबर्ग्यात तुमची तब्येत बरी असेल, मामींची धरलेली कंबर आता वाकत असेल. आईची तक्रार एकच, की लेक बी.एस्सी. झाली आणि घरातली शांतता गेली.

अप्पांची नाडी ज्वारीच्या पेरणीपासून अडखळायची, हे तुम्हाला माहीतच आहे. चार ठोके नीट, पाचवा गायब आणि मग दोन एकदम, रांग मोडून बसमध्ये घुसणाऱ्यांसारखे. तुम्ही दिलेल्या घड्याळावर मी दोन्ही वेळा मोजते. बिदरच्या डॉक्टरांनी तपासून रोज एक गोळी लिहून दिली. भालकीचे औषधवाले वीरभद्रप्पा चिठ्ठी वाचून भर दुकानात ओरडले, "ज्ञानोबा, तुला फेफरं कवापासून यायलंय रे?" दुकानात आपल्या गावची सात माणसं होती. आम्ही बसने परतलो. बातमी जीपने आधीच पोचली होती.

म्हणून मी विहारात सगळ्यांना समजावून सांगितलं. फेफऱ्यात डोक्यातल्या शिरा भलत्या वेळी उसळतात, अप्पांच्या काळजात तसंच काहीसं होतं, आणि ही जुनी गोळी दोन्हीकडची उसळी शमवते. एरंडेल नाही का, गाडीच्या चाकालाही चालतं आणि पोटालाही! लोकांनी माना डोलवल्या. मला वाटलं, विज्ञान रुजलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोजराबाई नवऱ्याचे डोळ्यांचे थेंब घेऊन दारात. "माय, हे कानाला जमंल का?" त्यांच्यामागे आणखी अकरा जण, जुन्या बाटल्या घेऊन. (सगळ्यांना परत पाठवलं. तरी एकाने खोकल्याचं औषध सायकलच्या चेनला घातलंच.)

गोळीने मात्र गुण दाखवला. तिसऱ्या आठवड्यात ठोके असे पडू लागले, जसे गुरुजींसमोर पोरं पाढे म्हणतात. मग आम्ही कमलनगरला लग्नाला गेलो. पंगतीत अप्पांना ठेच्याचा ठसका लागला आणि ते पुढे वाकले. झालं! आपल्या गावची चार माणसं चार बाजूंनी चपला काढून धावली आणि त्यांच्या नाकाला लावल्या. पाचव्याने कांदा फोडला. चपलांच्या आडून अप्पा ओरडत होते, "अरे, मिरची लागली मला!"

"फेफऱ्यात माणूस असंच बडबडतंय," कुणीतरी म्हणालं, "धरा घट्ट!"

घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "मरंन, पर ही गोळी गिळायचो न्हाई. लोक मला कामून चपला हुंगवायलेत?" पण मी समजूत घातली. आता ते रोज वेळेवर गोळी घेतात, नाडीही सरळ आहे. काळजी नसावी. मामींना नमस्कार.

आपली भाची,
सुजाता

ता.क. : वरचं सगळं आईला वाचून दाखवलं, ती निवांत झोपली. हे पुढचं तिला दाखवणार नाही. कमलनगरच्या लग्नाला नऊ दिवस झाले, तेव्हापासून अप्पांनी एकही गोळी घेतलेली नाही. आज ज्वारीच्या कणगीत हात घातला, तर नऊच्या नऊ सापडल्या. नाडी पुन्हा अडखळते आहे.

ता.क. २ : मामा, मी तीन वर्षं तुमच्याकडे राहून शिकले. भिंतीवरच्या घड्याळामागून काढून तुम्ही रोज सकाळी जी गोळी घेता, तिच्या डबीवरचं नाव मी पहिल्याच वर्षी वाचलं होतं. अप्पांच्या डबीवर तेच नाव आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही हे मला पक्कं माहीत आहे. गावाला अजून नाही, म्हणून आजवर कुणाला बोलले नाही. (पाकिटाचं खरं कारण हेच. आपले पोस्टमन रेवणप्पा कार्डं वाचूनच पुढे धाडतात.) अप्पांच्या मते तुमच्याइतका धडधाकट माणूस आपल्या नात्यात दुसरा नाही. येत्या रविवारी या. त्यांच्यासमोर बसून तुम्ही तुमची गोळी गिळा. मग ते त्यांची गिळतील, याची मला खात्री आहे.

ता.क. ३ : त्या दिवशी घरातल्या सगळ्या चपला मी आधीच पत्र्यावर टाकून ठेवीन.