हलकी काडतुसं

तोआ पायोह, सिंगापूर
२ मार्च २०२५

ती. अरुणाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आणि शेजारच्यांचं नवं बोअरिंग यावर दीड पान, आणि स्वतःच्या तब्येतीवर एक ओळ! हे चालायचं नाही. पुढच्या वेळी नीट लिही.

आता माझी बातमी. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि भाऊजी मध्ये बसून जे सांगतात त्यातलं अर्धं त्यांच्या पदरचं असतं, म्हणून ही पत्रानेच कळवते. ताई, माझं मनगट सुधारतंय. हसू नकोस. मी पुराव्यानिशी बोलते आहे.

तुला आमचं गौडबंगाल कधीच कळलं नाही, की बायको पिस्तूल चालवते आणि नवरा तिच्यासाठी काडतुसं भरतो म्हणजे काय. परत सांगते. आमच्या क्लबात एक कुलूपबंद खोली आहे. वापरलेली पितळी नळकांडी तिथे परवान्यावर पुन्हा भरता येतात. बाहेर काही न्यायचं नाही. रिकामं नळकांडं चुकून पर्समधून घरी आलं तरी पोलीस दारात उभे राहतील. तर प्रबोध दर शनिवारी तिथे सोनारासारखा काटा घेऊन दारू तोलत बसतो (ही ती दारू नव्हे, भाऊजींना सांग). दुकानातली काडतुसं सगळ्यांना सारखी असतात, प्रबोधची माझ्या पिस्तुलाला आणि माझ्या हाताला जमतील अशी. मी नुसती नेम धरते. तो स्वयंपाकी, मी जेवणारी.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला, तेव्हा आधी हात जाईल, मग जीभ जड होईल, असं म्हणाले होते. जानेवारीत गोळी सुटली की पिस्तूल असा हिसका द्यायचं, की डोळ्यांत पाणी यायचं. आणि आता? तेच पिस्तूल, तीच काडतुसं, खोक्यावर चिठ्ठीसुद्धा तीच, पण हिसका कसा मांजराने ढुशी दिल्यासारखा. मागच्या शनिवारी पाच गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत गेल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? डॉक्टरच म्हणाले होते की काहींचा आजार मध्येच थांबतो. माझा थांबलाय.

म्हणून तू मे महिन्यात यायचं ठरवलंयस ते रद्द कर. आजाऱ्याला भेटायला येतात तशी मुळीच येऊ नकोस. दिवाळीत ये. तोवर मी ठणठणीत होईन आणि तुला पाय तुटेस्तोवर हिंडवीन.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो दिवाळीपर्यंत जपून ठेव.

तुझी,
स्मिता

०

सातारा
१४ मार्च २०२५

चि. स्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, पत्र वाचून मी मोठ्याने ओरडले म्हणे. मला माझा आवाज कळत नाही, पण तुझे भाऊजी बागेतून धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला. मग मी त्यांना पत्र दिलं आणि ते पायरीवर बसून दोनदा वाचलं त्यांनी. गुडघा विसरले.

मेचं तिकीट रद्द करायला सांगितलं. दिवाळीचं बघते. चकल्या करून आणू की तिकडे येऊन करू, तेवढं कळव. त्या पिस्तुलाबद्दल मी आजवर फार वाकडं बोलले. बाईमाणसाने हे काय आरंभलंय, असंही म्हणाले होते. सगळे शब्द परत घेते. ज्याच्यामुळे तुझा हात सावरला, त्याची मी खण-नारळाने ओटी भरायला तयार आहे.

प्रबोधरावांना आशीर्वाद. औषधं सोडू नकोस. आनंदात राहा, आणि अशीच पत्रं धाड.

तुझी,
अरुणाताई

०

चांगी बिझनेस पार्क, सिंगापूर
२८ एप्रिल २०२५

ती. अरुणाताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. घरी लिहिता येण्यासारखं नाही. उत्तर कृपया ऑफिसच्याच पत्त्यावर पाठवावं.

तुम्ही येणं रद्द केल्याचं स्मिताने आनंदाने सांगितलं, तेव्हा मी गप्प बसलो. ताई, तिचं मनगट सुधारलेलं नाही. काडतुसं हलकी आहेत.

फेब्रुवारीतली गोष्ट. तिने दोन गोळ्या झाडल्या, पिस्तूल खाली ठेवलं आणि आज कंटाळा आला असं म्हणून भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. पुढच्या शनिवारी मी दारू थोडी कमी भरली. हिसका कमी झाला की पिस्तूल पुढची गोळी ओढत नाही, म्हणून आतली स्प्रिंगही हलकी घातली. सांगणार होतो, देवाशपथ. पण तिने पहिली गोळी झाडली आणि माझ्याकडे वळून अशी हसली, की वर्षभरात मी तसं हसू पाहिलं नव्हतं. मी खोक्यावर जुनीच चिठ्ठी चिकटवली. मग हात जसजसा जात राहिला तसतशी मी दारू कमी करत गेलो.

आणि दैव बघा. पंधरा वर्षं मी भरतो आहे, पण इतकी नेमकी काडतुसं माझ्या हातून कधी झाली नव्हती. प्रत्येक वेळी कमी केल्यावर पिस्तूल टेकूवर ठेवून मी आधी स्वतः झाडून बघतो, गोळ्या एकाच भोकात जाईपर्यंत जुळवत बसतो. खोटं बोलायचं तर ते तरी नीट बोलावं म्हणून असेल.

आता मात्र पेचात सापडलोय. याहून कमी भरली तर गोळी नळीतच अडकेल, आणि मागची तिच्यावर आदळली तर हात फुटेल. म्हणजे इथून खाली जाता येत नाही. आणि काल तिने जाहीर केलं की २४ मेच्या क्लबच्या स्पर्धेत ती उतरणार. स्पर्धेत प्रत्येकाच्या खोक्यातली काही काडतुसं काढून यंत्रासमोर झाडतात आणि गोळीचा वेग मोजतात. ठरल्यापेक्षा कमी भरला तर गुण धरत नाहीत. हलकी दिली तर यंत्र सांगेल. पुरती भरून दिली तर तिचं मनगटच सांगेल.

काय करू, तुम्ही सांगा. तुमच्याशिवाय विचारायला कुणी नाही.

आपला,
प्रबोध

०

सातारा
१० मे २०२५

चि. प्रबोधराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचलं. आधी तुमचा संताप आला. माझ्या बहिणीचे किती दिवस राहिलेत ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही मला तिकीट रद्द करू दिलंत. या आठवड्यात मी तिच्यापाशी असणार होते. मी काय करतेय? चकलीची भाजणी दळून आणायची का, याचा विचार.

मग संध्याकाळी वाटलं, मी तिथे असते आणि ती तशी हसली असती तर? मीही चिठ्ठी चिकटवली असती. म्हणून तुम्हाला नावं ठेवायचं तोंड मला नाही. पण प्रबोधराव, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. यंत्राने चारचौघांत सांगण्याआधी तुम्ही घरात सांगा. समोर बसून, हात हातात घेऊन सांगा. ती भांडी फेकेल. फेकू दे.

मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तिला कळेल की आपण दोघं तिच्यामागे बोलतो, आणि मग तिने भरवसा ठेवायचा कुणावर? आणि उद्याच विमानात बसले तर ती विचारेल, आत्ताच का आलीस? मला खोटं बोलता येत नाही, माझा चेहरा आधी बोलतो. तेव्हा तुमच्या तोंडून तिला कळेपर्यंत मी इथे हात बांधून बसले आहे. लवकर सोडवा.

तुमच्यावरची माया आटलेली नाही, एवढं लक्षात असू द्या.

अरुणाताई

०

चांगी बिझनेस पार्क, सिंगापूर
२६ मे २०२५

ती. अरुणाताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र स्पर्धेच्या आधीच मिळालं होतं. मी सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा तिने मध्येच विचारलं की स्पर्धेला निळा शर्ट बरा की पांढरा. दुसऱ्यांदा ती झोपाळली होती. ही कारणं नाहीत, कळतं मला.

शनिवारी मी हलकंच खोकं दिलं. वेग मोजायच्या टेबलावर लिम अंकल असतात. निवृत्त गृहस्थ, आम्हाला पंधरा वर्षं ओळखतात. त्यांनी खोक्यातली काडतुसं काढली, यंत्रासमोर झाडली, आकडा बघितला आणि चष्मा पुसला. पुन्हा झाडली. मग आधी माझ्याकडे बघितलं. ते जन्मभर काडतुसं हाताळत आलेत, त्यांना लगेच कळलं की ही चूक नाही, कुणीतरी बसून जमवलेलं आहे. स्मिताला ते हळू आवाजात म्हणाले की गोळी फार सावकाश जातेय लाह (इथल्या लोकांचं ‘बरं का’), झाडायला हरकत नाही पण गुण धरता येणार नाहीत.

ती हसली आणि म्हणाली की यंत्र बिघडलं असेल. त्यांनी शेजारच्या माणसाचं काडतूस झाडून दाखवलं. यंत्र ठीक होतं. मग ती वळली. आवाज चढवला नाही. कधीपासून, एवढंच विचारलं. मी म्हटलं, फेब्रुवारीपासून.

ताई, ती परत गेली नाही. रांगेत उभी राहिली आणि सगळी स्पर्धा खेळली, गुण नसताना. नेम एकही वाया गेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. परतताना एमआरटीच्या गाडीत ती माझ्यापासून दोन सीट सोडून बसली. घरी आल्यावर खोलीचं दार लावून घेतलं. तेव्हापासून मी हॉलमध्ये झोपतो. ती जेवते, औषधं घेते, बोलत मात्र नाही.

तुमचं ऐकायला हवं होतं. आता तुम्ही तरी काही लिहा तिला.

आपला,
प्रबोध

०

तोआ पायोह, सिंगापूर
१ जून २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगते आहे आणि प्रबोध लिहितो आहे. पेन धरून चार ओळींच्या पुढे मला जाता येत नाही. शिवाय त्याने केलं ते त्याच्याच हाताने कागदावर उतरलेलं मला बघायचं आहे. शब्द गाळायचा नाही असं बजावलंय.

तर लिही रे. माझ्या नवऱ्याने मला चार महिने फसवलं. माझ्या बहिणीला मी येऊ नकोस म्हणून कळवलं, तेव्हा हा शेजारी बसून केळी सोलत होता. तुमचा पत्रव्यवहारही त्याने काल माझ्यासमोर ठेवला. तुझं पत्र वाचलं. तुझ्यावरही रागावले होते, पण ते हात बांधून बसल्याचं वाचून राग टिकला नाही.

खरं सांगायचं तर खोटं एकटा प्रबोधच बोलला नाही. मार्चचं ते पत्र मी दोन दोन ओळी करून कित्येक दिवसांत लिहिलं होतं. शर्टाचं बटण लागत नव्हतं. तरी तुला लिहिलं की हात सुधारला. पिस्तूल सांगत होतं ते गोड होतं, म्हणून बटणाचं ऐकलं नाही.

काल मी त्याला क्लबात नेलं आणि जुन्या मापाची, पुरत्या दारूची काडतुसं भरायला लावली. स्प्रिंगही जुनी. प्रत्येक काडतूस त्याने दोनदा तोललं. पहिली गोळी गेली. दुसरीला पिस्तूल असं उडालं की नळी छताकडे झाली, आणि लिम अंकलनी मागून माझा हात धरला. तिसरी मी झाडली नाही. पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर रडले. खूप रडले गं. आता मला माझा हात किती उरलाय ते कळलं. पिस्तूल क्लबाला देऊन टाकणार आहे.

मी त्याला विचारलं की हे माझ्यासाठी केलंस की स्वतःसाठी. तो रिकामी नळकांडी गोळा करत राहिला. आत्ता पुन्हा विचारलं आणि म्हटलं, काय ते लिही. पेन थांबलंय. आता तो म्हणतो की मला तसं हसताना बघायला मिळावं म्हणून. म्हणजे स्वतःसाठी. हेही लिहिलंय त्याने. कालपासून तो आत झोपतो. राग गेलेला नाही, पण रात्री पांघरूण ओढायला माझा हात पुरत नाही, आणि हॉलमधून त्याचा पुरत नाही.

ताई, दिवाळी विसर. आजच तिकीट काढ. मी बोलते ते तुला ओठांवरून कळतं. परवापासून ‘र’ म्हणताना माझी जीभ अडखळते. प्रबोधने ते ओळखलं होतं आणि याही वेळी तो बोलला नव्हता, मग मीच त्याला सांगितलं. माझे ओठ नीट हलताहेत तोवर तू माझ्यासमोर बसायला हवीस. मला तुला काही सांगायचंय, आणि ते याच्या हातून लिहून घ्यायचं नाहीये.

हे वाक्यही तोच लिहितो आहे, मान खाली घालून.

वाट बघते. लोभ वाढवायला आता वेळ नाही, आहे तेवढा घेऊन ये.

तुझी,
स्मिता