लोखंडाला जागा

आबा, तुमच्यामागं मी एक गाडी घेतली, ती तुम्हाला दाखवायची राहून गेली. छोटीच आहे. दोन दारांची, चारी चाकांना जोर असलेली, उंचीला बरी, पण मागं जागा म्हणाल तर तुमच्या पलटणीतल्या काळ्या ट्रंकेपेक्षा थोडीशी जास्त. जतच्या पुढं कर्नाटकाच्या हद्दीला लागून ज्या वस्त्या आहेत तिथं मी मेंढरांची डॉक्टर म्हणून फिरते. तिथं डांबर संपतं, मग खडी संपते, आणि शेवटी नुसती चाकोरी उरते. पाऊस झाला की काळी माती ती चाकोरीही गिळून टाकते. म्हणून ही गाडी. आणि अडकलीच तर बाहेर काढायचं सगळं सामान मी मागं बसवलंय. ते कसं बसवलंय हे ऐकायला तुम्ही हवे होतात, कारण घरात दुसऱ्या कुणाला त्यात रस नाही. आईला तर अजिबातच नाही.

जड वस्तू सीटच्या पाठीला चिकटून, अगदी तळाला. जॅक, आणि तो चिखलात रुतू नये म्हणून त्याच्याखाली घालायची फळी. त्याच्या शेजारी जाड कॅनव्हासच्या पिशवीत शेकल, म्हणजे त्या इंग्रजी डीच्या आकाराच्या लोखंडी कड्या. त्या पिशवीत एकमेकींवर आपटत नाहीत आणि वाजतही नाहीत. टायरच्या खाली सरकवायच्या दातेरी पाट्या उभ्या, एका कडेला. टोचनचा, म्हणजे रुतलेली गाडी ओढायचा पट्टा वर, गुंडाळी करून. हातमोजे सगळ्यात वर. खोरं मात्र मागच्या दारात नाही, माझ्या सीटच्या मागं आडवं बांधलंय, कारण गाडी ढेंगभर रुतली की मागचं दार उघडतच नाही. ही शिकवण तुमचीच. लसींची बर्फाची पेटी आणि औषधं दुसऱ्या बाजूला. आणि हो, मेंढी अडली तर कोकरू ओढायच्या ज्या बारीक दोऱ्या असतात त्या मी आता अगदी वेगळ्या डब्यात ठेवते. एकदा घाईत त्या टोचनच्या पट्ट्यात गुंतल्या होत्या, आणि त्या सोडवेपर्यंत मेंढीनं माझी वाट न बघता आपलं काम स्वतःच उरकलं.

तुम्ही फौजेत रिकव्हरीची गाडी चालवायचात. बर्फात, वाळूत रुतलेले ट्रक ओढून काढायचात. पेन्शन आल्यावर लिलावातली ती जुनी जीप घेऊन गावी आलात तेव्हा सगळं कोरेगाव तुम्हाला हसलं असेल. मग उसाचा हंगाम सुरू झाला, पाणी दिलेल्या रानात उसानं भरलेल्या ट्रॉल्या रुतायला लागल्या आणि लोक आपल्या दारात यायला लागले. ‘आवं फौजी, चला की जरा.’ तुम्ही चहा संपवायचात, मिशी पुसायचात आणि मला म्हणायचात, ‘चल गं, मोजे घे.’ मी नववीत असेन. माझं काम एकच, तुम्ही मागाल ती वस्तू तुमच्या हातात द्यायची, शोधाशोध न करता.

तो तांब्याचा दिवस मला अजून दिसतो. मी शेकल नुसती मागच्या पत्र्यावर टाकून दिली आहे, कारण लगेच परत लागणारच आहे, पिशवीत कशाला घालायची? तुम्ही घरात जाता, आईचा अॅल्युमिनियमचा तांब्या घेऊन येता, शेकल उचलून तिच्या जागी तो ठेवता आणि मला शेजारी बसवून माळाकडं जीप सोडता. उतारावर एकदम ब्रेक मारता. तांब्या ठाण्‌कन आपल्या दोघांच्या मधून येतो आणि काचेखालच्या पत्र्यावर आपटून माझ्या पायात पडतो, पोट चेपलेलं. तुम्ही म्हणता, ‘ह्यो तांब्या हाय. शेकल असती तर तुझ्या डोस्क्याचं काय झालं आसतं?’ मग तुम्ही तांब्या हातात घेऊन बघता आणि तुमचा आवाज एकदम खाली येतो, ‘आता हे तुझ्या आईला कोण सांगणार?’ दोघांनी मिळून मळ्यात बसून दगडानं तो पोचा काढायचा प्रयत्न केला. त्यानंतर तो तांब्या पाटावर नीट उभाच राहायचा नाही. आईनं तुम्हाला आठवडाभर पाणी त्याच तांब्यातून दिलं.

माझी नोकरीची ऑर्डर आली तेव्हा मावशीनं साडी आणली, मामानं घड्याळ. तुम्ही कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड दिलंत. सगळ्यांसमोर उघडलं तर पिवळा रुंद टोचनचा पट्टा आणि चामड्याचे मोजे, माझ्या हाताला दुप्पट मोठे. मामा हसून हसून खोकायला लागला. तेव्हा माझ्याकडं साधी सायकलही नव्हती. तुम्ही म्हणालात, ‘गाडी कवातरी यील. पट्टा आधी पायजे.’ गाडी आली तेव्हा तुम्ही नव्हतात. पट्टा झिजला, मी दुसरा घेतला. मोजे मात्र अजून तेच आहेत, मनगटाशी मी रबर लावते.

आता यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट सांगते, ज्यासाठी लिहायला बसले. मिरजेला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्याकडं जतलाच आहे. चालते, पण काठी घेऊन. रविवारी एका वस्तीवर मेंढरांना लस टोचायला जायचं होतं, आणि ती म्हणाली, ‘मीबी येतो. घरात बसून भित्तीकडं किती बगायचं?’ मी अंघोळ करून बाहेर आले तर दातेरी पाट्या, जॅक आणि पट्टा व्हरांड्यात भिंतीला नीट टेकवून ठेवलेले, आणि त्यांच्या जागी गाडीत भाकरीचं गाठोडं, दह्याचा डबा, पाण्याचा कॅन आणि वस्तीवरच्या बायकांना द्यायला लोणच्याची बरणी.

‘आई, हे काय केलंस?’

‘काय केलं? जागा केली. ह्या लोखंडाचं काय लोणचं घालायचं हाय व्हय?’

‘अगं, काल वळवाचा पाऊस झालाय तिकडं.’

‘तुझा बा बी असाच. सासरी नेताना कुणाची तरी जीप मागून आणली, आन् मला माझी पेटी मांडीवर घ्यायला लावली, मागं म्हणं दोर हाय!’

हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. मी हसत हसत सगळं परत जागेवर बसवलं. दह्याचा डबा आईच्या पायाशी, बरणी तिच्या मांडीवर. सीट टोचते म्हणून तिनं नवी शिवलेली वाकळ घडी करून खाली घेतली आणि वस्तीपर्यंत फुगून बसली.

लस टोचून परत फिरलो तर वाटेतल्या ओढ्यात एक टेम्पो आस टेकेपर्यंत रुतलेला. वऱ्हाडाचा. पुढं ड्रायव्हरजवळ मुंडावळ्या बांधलेली नवरी, मागं पन्नासेक माणसं, आणि सगळ्यांच्या वरताण दोन ताशेवाले. मुहूर्त पुढच्या गावात होता, दुपारचा. पुरुष चिखलात उतरून रेटत होते आणि टेम्पो आणखी खाली जात होता. नवरीच्या मामानं माझी गाडी बघितली आणि म्हणाला, ‘ही एवढीशी गाडी ह्यो टेम्पो काढणार? ऱ्हावू द्या बाई, ट्रॅक्टर बोलावतो.’ पण ट्रॅक्टर लांबच्या गावातून यायचा, आणि वर आभाळ पुन्हा भरून आलेलं.

मी सगळ्यांना खाली उतरवलं. नवरीला बांधावर आईजवळ बसवलं. पट्टा काढला, मोजे चढवले. पट्ट्यावर काहीतरी जड पांघरूण टाकायचं असतं, म्हणजे तो सुटलाच तर उडत न येता खाली बसतो. माझी जुनी घोंगडी धुवायला टाकलेली. मी आईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग वाकळीकडं. ‘नवी हाय गं,’ म्हणाली, पण दिली. ड्रायव्हरला सांगितलं, पट्ट्याचं टोक बंपरला नाही, खालच्या चासीच्या हुकाला अडकव. तो ‘व्हय व्हय’ म्हणाला. हूक चिखलात गाडलेला होता, हात घालायचा त्याला कंटाळा आला, आणि त्यानं बंपरलाच अडकवलं. मी माझ्या सीटवर बसलेली, मला दिसलं नाही. उतरून बघायला हवं होतं.

लो गिअर टाकला, हळूच ताण दिला. पट्टा ताठ झाला, गाडी थरथरली, आणि मागं काड्‌कन आवाज झाला. टेम्पोचा अर्धा बंपर तुटून पट्ट्याबरोबर निघाला होता. वाकळीनं त्याला ओढून खाली घेतलं आणि तो माझ्या गाडीपासून चार हातांवर चिखलात रुतला. मी दार उघडून खाली उतरले. कुणाला काही लागलं नव्हतं, कारण सगळे लांब होते. पण आता सगळे एकदम पुढं धावले, पोरं, मामा, ताशेवाले, तुटलेलं बघायला.

आणि आबा, तेव्हा बांधावरून आवाज आला. ‘पीछे हटो! सब पीछे!’

मी चमकून बघितलं. आई काठी उगारून उभी होती. ‘दोराच्या दुप्पट लांब व्हा! मदी कोण ऱ्हायला तर ह्यी काठी घालीन टकुऱ्यात! आन् तू रं, ड्रायव्हर, तुला हूक सांगितला हुता का बंपर? हात चिकलात घाल, सोनं न्हाई झिजत तुजं!’ जिनं जन्मात तुमच्या दोराला हात लावला नाही, जीपकडं ढुंकून बघितलं नाही, तिला सगळं पाठ होतं. तुमच्या फौजी हिंदीसकट. नवरीचा मामासुद्धा मागं सरला.

मग आम्ही ते रीतसर केलं. खोऱ्यानं टेम्पोच्या चाकांपुढची माती काढली, त्याच्या मागच्या टायरांतली हवा थोडी कमी केली, दातेरी पाट्या खाली सारल्या. या वेळी ड्रायव्हर कोपरापर्यंत चिखलात हात घालून हुकाला पट्टा लावून आला आणि मी वाकून, हातानं चाचपून बघितलं. वाकळ पुन्हा वर. आईनं काठी खाली केली तसा मी क्लच सोडला. गाडी एक क्षण जागच्या जागी गुरगुरली, मागचा ताण सैल झाल्यासारखा वाटला, आणि आरशात टेम्पो हलताना दिसला. हळू, म्हशीसारखा, ओढ्यातून वर. टेम्पो पुरता वर यायच्या आधीच ताशेवाल्यांनी ताशे वाजवायला सुरुवात केली. नवरी बांधावर उभी राहून टाळ्या वाजवत होती, मुंडावळ्या हलत होत्या, आणि आई तिला म्हणत होती, ‘बस खाली, नवरी हायस तू.’

वऱ्हाड निघून गेल्यावर मी सामान आवरायला लागले. पट्टा गुंडाळून मागं टाकणार तर आई म्हणाली, ‘वल्ला हाय त्यो. येगळ्या पोत्यात घाल, घरी सावलीत वाळव.’ लोणच्याची रिकामी बरणी तिनं आपणहून मांडीवर घेतली. वाकळीचं मात्र घरी येईपर्यंत ऐकवलं.

आबा, हे पत्र पाठवायला पत्ता नाही हे मला कळतं, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून सांगायची आहे आणि ती सांगायला जरा लाज वाटते. टेम्पो निघायच्या आधी नवरीचे आजोबा माझ्याकडं आले. कानडी वळणाचं मराठी, डोक्याला मोठा रुमाल. माझे दोन्ही हात मोज्यांसकट धरले आणि विचारलं, ‘डॉक्टरबाई, हे तुमाला कोण शिकवलं?’ मी म्हटलं, ‘आमच्या आबांनी. फौजेत होते.’ ते म्हणाले, ‘असं. कुठं असतात आबा?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘घरी.’ ते म्हणाले, ‘त्यांना माझा नमस्कार सांगा.’ मी हो म्हटलं.

आई शेजारीच होती. तिनं ऐकलं. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं, बाहेर बघतच म्हणाली, ‘घरी हायत म्हनून सांगितलंस. आन् आपुन दोगीबी हितं. मग दुपारचं त्यास्नी वाढलं कुणी?’

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला गाडी कडेला घ्यावी लागली. मी खोटं बोलले, आबा. नमस्कार तेवढा पोचवते आहे.