दिवसा सांगितलेल्या गोष्टी

१ नोव्हेंबर १९३३, बुधवार. सकाळ.

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची वही सापडत नाही, म्हणजे तिच्यात महत्त्वाचं काही नसणार.

निश्चय: मुलांच्या गोष्टींविषयीची माझी मतं एकदा नीट मांडायची. चौलच्या लायब्ररीच्या सेक्रेटरींनी लेक्चरला बोलावलं आहे, रविवारी, सव्वीस तारखेला. विषय मीच दिला, 'बालकथांतले दोष'. चौलच्या शाळेत उभा जन्म मुलांना कविता शिकवण्यात गेला. एवढा अधिकार पोचतो.

पहिला पॉइंट तयार आहे. या गोष्टींत जो तो रस्ता चुकतो. राजपुत्र जंगलात चुकतो, सौदागर वाळवंटात चुकतो. माझा दोस्त अलीमियाँ मुंबईच्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी जी इंग्रजी नॉव्हेलं आणतो, त्यांतली पोरं तर स्वतःच्या घरच्या जिन्यावर चुकतात. हा शुद्ध लेखकाचा आळस. पुढे काय लिहावं सुचेना की पाडलं धुकं. शहाणा माणूस चुकत नाही. तो विचारतो आणि घरी जातो.

३ नोव्हेंबर, शुक्रवार.

दुपारी ओटीवर मुलांना वाचून दाखवायला आरंभ केला. संध्याकाळी दिव्याशी अक्षर लागत नाही. डोळे उत्तम आहेत. हल्लीचं रॉकेल वाईट येतं.

राजपुत्राची गोष्ट मी दुरुस्त करून सांगितली. त्याने वेशीवरच्या गुराख्याला वाट विचारली, गुराख्याने दाखवली, राजपुत्र जेवणाच्या वेळेला घरी. कोळीवाड्यातली जनी म्हणाली, "मास्तर, मंग गोष्ट कुठं हाय?" मुलांची अभिरुची फार बिघडलेली आहे.

शेवटी चौथीच्या पुस्तकातली माझी लाडकी कविता म्हणून दाखवली. तिसरी ओळ गाळली. ती मुलांनी शोधावी म्हणून हल्ली मी मुद्दाम गाळतो.

गोदू आतून ऐकत होती. माझी धाकटी बहीण मनू गेली, तिची ही एकुलती मुलगी. नवरा वारल्यापासून माझं घर तीच सांभाळते. जेवताना म्हणाली, मामा, दिवसा गोष्टी नका सांगू. आणखी काहीतरी बोलणार होती, पण ताटात भात वाढला.

५ नोव्हेंबर, रविवार.

जनीची आई नीराबाई मासळीची पाटी घेऊन अंगणाबाहेर उभी राहिली. आत आली नाही. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, असं तिचं म्हणणं. तिचा भाऊ गुणाजी मचवा घेऊन समुद्रात जातो. पोरीला तो एकच मामा. मी हसलो. सुपरस्टिशन.

आमची आईसुद्धा हेच म्हणायची. मी आणि मनू भर दुपारी माडाखाली बसून गोष्टी सांगायचो आणि आई आतून ओरडायची. आमचा मामा हरिहरेश्वराहून गलबताने यायचा. येताना आमच्यासाठी नारळाच्या वड्या आणायचा. एके वर्षी आला नाही. पुढेही आला नाही. त्याला दुसरी कारणं असतील.

८ नोव्हेंबर, बुधवार.

लोकल बोर्डाने पोस्टाची गल्ली हलवली. कुणाला न विचारता. पोस्टात जायला निघालो तो मशिदीपाशी पोचलो. अलीमियाँ ओट्यावर बसला होता. त्याने मला पाहिलं. मग चपला घालून म्हणाला, "चला मास्तर, मलापण त्याच बाजूला जायचंय." थेट माझ्या दारापर्यंत आला आणि आला तसा परत गेला. जहाजावरची नोकरी संपल्यापासून बिचारा एकटा पडला आहे. त्याला माझ्या सोबतीची गरज दिसते.

१८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.

बाकीचे मचवे काल आले. गुणाजीचा आला नाही.

किनाऱ्यावर गेलो. नीराबाईने मान वळवली नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. समुद्र तेलासारखा सपाट. मासळी वाळत घातलेली असून एक कावळा नाही.

दुपारी मुलं फिरकली नाहीत. रिकाम्या चटईसमोर पुस्तक उघडून बसलो. वाचलं नाही. 

१९ नोव्हेंबर, रविवार.

गुणाजी आला. वारा पडला म्हणून कोर्लईच्या बाजूला थांबला होता, एवढंच. मी ताबडतोब नीराबाईला अंगणात बोलावून घेतलं आणि विचारलं, आता काय म्हणणं आहे.

"व्हय मास्तर. माझ्या पोरीचा मामा आला," ती म्हणाली. बोलत होती माझ्याशी आणि पाहत होती दारात उभ्या गोदूकडे. गोदू पदर तोंडाशी धरून आत गेली. बायकांचं काही कळत नाही.

लेक्चरला दुसरा पॉइंट मिळाला. प्रत्यक्ष पुराव्याचा. उद्यापासून दुपारचं वाचन पुन्हा सुरू.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.

दुसरा पॉइंट काय होता ते आठवत नाही. हरकत नाही. पहिला भक्कम आहे.

गोदूचा हट्ट, की चौलला एकटे जाऊ नका, अलीमियाँना बरोबर न्या. मी सांगितलं की ती वाट मी डोळे मिटून चालेन. तर म्हणाली, मामा, काल तुम्ही विहिरीवरून घरी येताना शेजारच्या वाडीत जाऊन बसला होता. बसलो होतो खरा. तिथे सावली चांगली आहे.

गोदूला आज चारदा 'मनू' म्हणून हाक मारली. तिने चारही वेळा ओ दिली. म्हणजे घोटाळा तिचाच.

२६ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

निघतो. गोदू तांदूळ आणायला गेली आहे. उगाच वाद नको. तिने दाराची कडी दोरीने वर बांधून ठेवली होती. स्टुलावर चढून सोडली. छत्री घेतली, लेक्चरचे कागद घेतले. कंदील नको, उजेडी परत येईन.

२७ नोव्हेंबर, सोमवार.

लेक्चर उत्तम झालं.

चौलचा रस्ताही बोर्डाने बदललेला आहे. वाड्यांच्या दगडी गडग्यांमधून इतका फिरवला की शेवटी समुद्रच लागला. हॉल ऐसपैस, हवेशीर, वर छप्पर नाही, मागे आमच्या रेवदंड्याच्या कोटासारखा काळा तट. श्रोते बोंबील वाळवायच्या काठ्यांसारखे ताठ उभे. कुणी खोकलं नाही. टाळ्याही नाहीत. आरंभाला कविता म्हटली, तिसरी ओळ गाळून. मग पहिला पॉइंट. मध्येच हॉलमध्ये पाणी आलं. आधी पावलांना लागलं, मग गुडघ्यांना. व्यवस्था ढिसाळ होती, सेक्रेटरींना लिहिलं पाहिजे. 'शहाणा माणूस विचारतो आणि घरी जातो' या वाक्याशी थांबलो. विचारायला कुणी नव्हतं. काठ्याही दिसेनाशा झाल्या होत्या. कागद वाहून गेले.

मग तटाच्या कडेने कंदील आले. गुणाजीने मला खांद्यावर घेतलं. अलीमियाँ कंदील धरून पुढे. कुठे जायचं, असं मी त्याला विचारलं. त्याने कंदील दुसऱ्या हातात घेतला. "मलापण त्याच बाजूला जायचंय, मास्तर."  

आमच्या दारात नीराबाई होती, जनीला पोटाशी धरून. म्हणाली, "गोदूताई, रडू नका. तुमचा मामा आला." गोदू माझे ओले पाय पुसत होती आणि रडत होती. तिचा मामा सुखरूप आला हे फार चांगलं झालं. माझी आणि त्याची भेट मात्र झाली नाही. भला गृहस्थ असावा.

तारीख मनूला विचारून घालायची. दुपार.

ऊन छान पडलं आहे. मनू ओटीवर माझ्याजवळ बसून तांदूळ निवडते आहे. दाराला नवी कडी दिसते, बरीच उंचावर. चटईवर मुलं जमली आहेत. त्यांतल्या एका मुलीने कविता म्हटली, तिसऱ्या ओळीसकट. बरोबर असावी.

मग तीच मुलगी म्हणाली, मास्तर, राजपुत्राची गोष्ट सांगा. मनूने सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, सांगा ना. तिला कळत कसं नाही. आई आत आहे, ओरडेल.

निश्चय: दिवसा एकही गोष्ट सांगायची नाही. मामा हरिहरेश्वराहून निघाला असेल. वाट लांबची आहे.