बाईंच्या खुर्चीसमोरचा ट्रे

३ मार्च, सोमवार

शंभरात चार! शंभर बियांतून चार कोंब. गेल्या वर्षी याच पाकिटांतल्या एकाहत्तर उगवल्या होत्या. तीनदा मोजलं. चार म्हणजे चारच.

साहेब म्हणाले, "मेलं बियाणं. चौदा वर्षं टिकलं हेच खूप. वीस तारखेला शीतखोली बंद करू, पाकिटं टाकून देऊ." टाकून देऊ! या झाडाची रानातली शेवटची जागा धरणाच्या पाण्यात गेली. आता ते कुठे उरलं असेल तर आमच्या त्या दोनशे पाकिटांत. आणि मला इथे येऊन जेमतेम दोन महिने झालेत. माझा पायगुण म्हणायचा का हा?

४ मार्च

उगवण-कपाटाचं तापमान तपासलं. पाणी बदललं, टीपकागद बदलला, पुन्हा बिया लावल्या. सगळं छापील पत्रकात आहे तसंच — अंधार, पंचवीस अंश, दार उघडायचं नाही. कुलूप तर मी आल्याआल्याच लावलंय. उगाच कुणाची लुडबुड नको.

६ मार्च, गुरुवार

काका आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, तीस वर्षं इथेच. आज चहा ठेवला आणि गेलेच नाहीत. उभे. मग म्हणाले, "रागावणार नसाल तर सांगतो मॅडम. बाईंना हे आवडलेलं नाही."

बाई म्हणजे हा प्रयोग सुरू करणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी वारल्या. मी येईपर्यंत जागा रिकामीच होती. ट्रे काका लावायचे, आकडे साहेब लिहायचे. बाईंची खुर्ची अजून खिडकीशी आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. तर म्हणे, काका रोज सकाळी अकराला ट्रे काढून त्या खुर्चीसमोर दहा मिनिटं धरायचे. बाई होत्या तोवर स्वतः बघायच्या, त्या गेल्यावर यांनी चालू ठेवलं. "तुम्ही कुलूप लावलंत. बाईंना काही दिसेना झालं. रुसल्यात त्या."

हसावं की रडावं कळेना. तोंडातून निघूनच गेलं — काका, ही प्रयोगशाळा आहे, भुताटकीचा अड्डा नाही! त्यांचा चेहरा एवढासा झाला. चहा संपला का हे न विचारताच कप उचलून गेले.

फार लागट बोलले मी. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

७ मार्च

जेवताना यांना सांगितलं. हे पडले गणिताचे मास्तर. म्हणाले, "अगं, भूत असेल नाहीतर नसेल. पण उद्या कामावर जाऊन काय करायचं, ते या उत्तरातून कळतं का? नाही ना? मग तुझ्या काय उपयोगाचं?" आणि भात वाढून घेतला.

पटलं. बाई रुसल्या म्हटलं की बोलणंच खुंटलं. पण भांडी विसळताना डोक्यात आलं — काका नुसतं 'रुसल्या' कुठे म्हणाले? त्यांनी वेळ सांगितली, जागा सांगितली, मिनिटंसुद्धा सांगितली. साहेबांच्या 'मेलं बियाणं'मध्ये यातलं काय आहे? काहीच नाही! रुसलेल्या बाईंची निदान परीक्षा तरी घेता येते.

८ मार्च, शनिवार

तीन ट्रे लावले. एक कुलपात. दुसरा रोज अकराला बाईंच्या खुर्चीसमोर. तिसरा अकरालाच सामानाच्या खोलीतल्या खिडकीत. तिथे बाई कधी पाऊल टाकत नसत, धुळीने शिंका यायच्या म्हणे. सगळं काकांच्याच हाती दिलं. काय खुलले! रविवारीही येतो म्हणाले.

साहेबांना सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

१० मार्च

चार तारखेच्या ट्रेमध्ये दोन कोंब. दोन!

११ मार्च

नव्या ट्रेंमध्ये अजून काही नाही. काका खुर्चीसमोर ट्रे धरून हळू आवाजात काहीतरी सांगत होते. आपण ऐकायचं नाही, म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

१३ मार्च

काही नाही. आई गं, सातच दिवस उरले.

१४ मार्च, शुक्रवार

खुर्चीसमोरचे अडुसष्ट! सामानाच्या खोलीतले सत्तर! कुलपातले तीन!

चक्क उडी मारली मी. एका बाटलीचा बळी गेला, जाऊ दे.

उजेड! काही बियांना भिजल्यावर उगवायला थोडा उजेड लागतो — कॉलेजात शिकलेय की मी हे! बाई रोज ट्रे खिडकीशी नेऊन बघायच्या, तोच तो उजेड. त्यांच्या अंगवळणी पडलेलं, म्हणून पत्रकात लिहायचं राहून गेलं. आणि मी शहाणी पत्रक वाचून कुलूप घालून बसले. बियाणं मेलं नव्हतंच. मी कोंडून घातलं होतं.

१५ मार्च

साहेबांनी आकडे दोनदा वाचले. शीतखोली चालू राहणार! पाकिटं वाचली! खुर्चीचा किस्सा ऐकून वर म्हणाले, "अहवालात भूतबीत लिहू नका म्हणजे झालं."

काकांना मात्र अजून सांगितलेलं नाही. जीभच रेटत नाही. जिथे बाई कधी गेल्या नाहीत तिथेच सत्तर उगवल्या, म्हणजे बाईंचा यात काही संबंध नाही — हे त्या माणसाला कसं सांगू? दोन वर्षं रोज अकराला ते त्यांना भेटत होते. माझा प्रयोग जिंकला आणि त्यांच्या बाई गेल्या. वाईट वाटतंय मला, अगदी मनापासून.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उजेडाचं तर मी तुम्ही आलात त्याच दिवशी बोललो होतो मॅडम. बाईंनी आजारपणात बजावलं होतं मला. तुम्ही म्हणालात, पत्रकात नाही. मग म्हटलं, बाईंचं नाव घेऊन बघावं. निदान खोटं पाडायला तरी ट्रे बाहेर काढाल."

मला तो दिवस आठवतही नाही.