कापसाची वाट

अमरावती, जानेवारी १९४२

चि. सौ. सत्यभामेस आशीर्वाद. मायले नमस्कार सांग.

मी खुशाल आहो. शाळेत चीन-जपान कसा शिकवायचा, ते आमा मास्तरायले शिकवून राह्यले. काल नमुन्याचा पाठ मी घेतला. आपला कापूस मूर्तिजापूरहून मुंबईले, तिथून आगबोटीनं सिंगापूरवरून जपानले जाते, ते फळ्यावर बाण काढून दाखवलं.

मोठे मास्तर म्हणाले, "पाठ चांगला आहे. पन आता बाण उलटा काढा. जपानी फौज याच वाटेनं येऊन राहिली."

मी काढला. टोक सिंगापूरले टेकलं.

तूर सोंगली का? सिंगापूरच्या पलटणीतून आपल्या धाकल्या गोवर्धनचं पत्र आलं का?

मायनं विचारलं तं सांगजो, जपान लय दूर आहे. कालपर्यंत मीही पोरायले हेच शिकवत होतो.

वामन