दोन इंचांची पायरी

पश्चिम विंग, तळमजला
ता. ३ मार्च

चि. चिमीस, अ. उ. आ.

आपलं बोलणं बंद आहे, म्हणून हे पत्र चहावाल्या मावशींच्या हाती पाठवतोय. दोन विंगांमधला कॉरिडॉर काल जुळला. जुळला कसला, तोंडघशी पडला! माझी फरशी तुझ्या बाजूला फरशीसाठी मारलेल्या खुणेपेक्षा दोन इंच वर आली. इस्पितळ बांधतोय आपण. पेशंटचं स्ट्रेचर मधेच आदळणार. एवढं शिकून इंजिनिअर होऊन हेच मिळवलंस? तुझ्या त्या लेव्हल दाखवणाऱ्या लेझरच्या डबीला लाल डोळा आहे, अक्कल नाही. मी बाबांच्या पाण्याच्या नळीने लेव्हल काढतो; दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. पाणी कुणाच्या डिग्रीला भीत नाही.

सोमवारी मालक येतायत. ज्याची चूक त्याचं काम फोडणार आणि त्याला गेटबाहेर काढणार, असं त्यांनी आधीच कळवलंय. तू सामान बांधून ठेव.

आशीर्वाद आहेतच, लोभ मात्र सध्या लेव्हलमध्ये नाही.

तुझा दादा

पूर्व विंग, तळमजला
ता. ४ मार्च

ति. दादास, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कागदाला सिमेंट, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मुकादम झालास तरी बदलला नाहीस.

खांबावरची मीटरची रेघ दोन्ही विंगांना एकच दिली होती. ती तयार फरशीपासून एक मीटर वर असते, कच्च्या स्लॅबपासून नाही. नकाशाच्या कोपऱ्यात तसं लिहिलंय. पण नकाशा तू डबा खायला अंथरतोस, वाचणार कधी? रेघेला टेप लाव आणि फरशीपर्यंत मोज. आकडे येतात ना अजून?

लोभ वाढवण्याची विनंती करणार होते, पण तू वाढवलंस की दोन इंच जास्त होतं.

चिमी

ता. ५ मार्च

चि. चिमीस, आशीर्वाद.

पंच्याण्णव सेंटिमीटर. तीनदा मोजलं.

मी रेघेखाली बरोब्बर मीटरवर स्लॅब ओतला आणि वरून फरशी चढवली. बत्तीस वर्षं या धंद्यात घालवून मी असला गाढव निघालो. सोमवारी मालकांना मीच सांगेन. माझं जाऊ दे, पण नऊ फरशीवाल्यांची महिन्याची मेहनत घणाखाली जाईल, त्याने जीव तुटतो. तू आता पोटभर हस.

दादा

ता. ६ मार्च

ति. दादास, सा. न. वि. वि.

हसायचं ठरवलं होतं, जमलं नाही. स्लॅब ओतण्याआधी तुझी विंग तपासायचं काम माझंच होतं. गवंड्यांच्या धुळीत कोण जाणार, म्हणून मी टेबलाशी बसूनच सही ठोकली. म्हणजे गाढवं दोन आहेत, आणि त्यातलं एक शिकलेलं.

फोडायचं काही नाही. माझ्या बाजूला अजून फरशी बसलेली नाही. ती बसवताना तीस फुटांत हळूहळू दोन इंच चढवली तर स्ट्रेचरवरच्या माणसाला कळणारही नाही. मालकांना दोघं मिळून सांगू. गेटबाहेर काढलंच तर निदान सोबत असेल.

उद्या सकाळी आठला येते. लेझर आणत नाही. बाबांची नळी भरून ठेव, आतले बुडबुडे नीट काढ. ती एकट्याला धरता येत नाही, हे मी सहा वर्षांची असताना तूच शिकवलंस. दुसरं टोक मी धरेन.

फक्त तोंड उघडू नकोस. आपलं बोलणं अजून बंद आहे.

तुझी चिमी