केळीच्या पानावरचा स्टार्टर

टुकुयू, ६ फेब्रुवारी १९९४

चि. असाजिले यास, अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल, फक्त ट्रकचं सोडून. नाताळापासून आपलं जुनं डिझेलचं धूड किल्लीला दाद देत नाही. एकदा टक् करतं आणि गप्प. मग उतारावर धक्का मारायचा, तेव्हा स्वारी निघते. धक्क्याला पोरं आणतो माझा धाकटा दीर अनांगिस्ये, आणि पोरं त्याची म्हणून स्टिअरिंगवरही तोच. बटाटा कुणाचा भरायचा हेसुद्धा आता तोच ठरवतो.

तुझ्या दाजींना मोतीबिंदूने दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी मला चर्चच्या मैदानात गाडी शिकवली. पण अनांगिस्ये चारचौघांत म्हणतो, जिला गाडी सुरू करता येत नाही तिने चालवायच्या गोष्टी करू नयेत. ईस्टर झाल्यावर वडीलधारे बसून गाडी कुणाच्या हाती द्यायची ते ठरवणार आहेत. असाजिले, मला ती सोडायची नाही.

इंजिनाला पहिला फिरका देणारा स्टार्टरच गेलाय, तेवढा दार-एस-सलाममध्ये दुसरा बघ. जुनाच पाठवला असता, पण दाजी म्हणतात शहरात गेलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून त्याचं तोंड केळीच्या पानावर ठेवून खिळ्याने गिरवलंय, बोल्टांच्या भोकांसकट. पान बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय.

अक्काची आठवण ठेव, आणि कामाचीही.
तुसेकिले

दार-एस-सलाम, १९ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

पान मिळालं. आधी तुझ्या भावजयीला, झुवेनाला, वाटलं तू खायला काही पाठवलंस, ती उकलून आत शोधत बसली!

दुकानात गेलो आणि डोकं गरगरलं. भिंतभर स्टार्टर. दुकानदार विचारतो बारा व्होल्ट की चोवीस, दाते किती, भोकांमधलं अंतर किती. मी त्याच्यापुढे पान धरलं. तो आधी पानाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. गाडीला दोन बॅटऱ्या आहेत आणि दाजी नेहमी चोवीस म्हणतात, म्हणून चोवीसचा घेतला. भोकं पानावर ठेवून ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. दात्यांचं मात्र तूच बघ, दुकानदार म्हणतो नऊ असावेत. वस्तू बदलून देईन असंही म्हणालाय. बोल्ट सोडण्याआधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
असाजिले

टुकुयू, ४ मार्च

चि. असाजिले यास, आशीर्वाद.

स्टार्टर आला. दाते बरोबर आहेत, पण बसत नाही. एका भोकात बोल्ट घातला की दुसरं भोक बोटभर आत राहतं. मी गाडीखाली पडून रडकुंडीला आले. दाजी म्हणे शहरवाल्यांनी फसवलं. अनांगिस्ये म्हणे बाईच्या हातानं माप घेतलं की असंच होणार. 

मग काल सुनेनं चुलीजवळ गुंडाळून ठेवलेलं पान पाहिलं, वाळून आक्रसलेलं. तुझ्यापर्यंत पोचेतो आपलं पानही असंच आटलं असणार रे! जन्मभर केळीत राहून मला हे सुचू नये? या वेळी माझ्या लग्नातल्या खांग्यावर काजळीने गिरवलंय. नेसायचं कापड आहे, मळकं दिसतं म्हणून झुवेनाने धुवायला घेऊ नये. आधीचा स्टार्टरही सोबत परत पाठवलाय, बदलून आण.

पान आटलं, तुझी माया आटू नये.
तुसेकिले

दार-एस-सलाम, १६ मार्च

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वाचेपर्यंत झुवेनाने खांगा बादलीशेजारी नेऊन ठेवला होता. थोडक्यात वाचला. खांग्यावर ताडून स्टार्टर बदलून आणलाय; आता हा बसला नाही तर माप मी स्वतः येऊन घेईन. त्याच खांग्यात गुंडाळून पाठवतोय.

सभेत तोंड आवर, पण मान खाली घालू नकोस.
असाजिले

टुकुयू, ९ एप्रिल

चि. असाजिले यास, अनेक अनेक आशीर्वाद.

बसला! दाजींनी चाचपून बोल्ट लावले, मी आवळले. किल्ली फिरवली तर पुन्हा टक्, आणि गप्प. अनांगिस्ये पोट धरून हसला.  सगळ्या वायरी एकेक करून पाहिल्या तेव्हा सापडलं. नाताळात गाडी निळी रंगवली, तेव्हा अर्थिंगची वायर काढून तिच्या खालच्या पत्र्यालाही रंग मारला होता आणि रंगावरच बोल्ट आवळला होता, म्हणून वीज पोचेना. तेवढा रंग खरवडला, आणि पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. मग जुना स्टार्टर बिघडला होता तरी का, असं मी दाजींना विचारलं. ते म्हणाले, हा प्रश्न ईस्टरनंतर विचार.

सभेला मी गाडी चर्चच्या सपाट मैदानात नेली आणि इंजिन बंद केलं. तिथे आमची गाडी कुणी बंद करत नाही, म्हणून लोक माझ्याकडे बघतच राहिले. अनांगिस्येची पोरं आपणहून मागे येऊन उभी राहिली. थोरल्या चुलत्यांनी विचारलं, आता धक्का कोण मारणार. मी वर चढले, किल्ली फिरवली. पोरांचे हात हवेतच राहिले.

गाडी माझ्याकडे राहिली. दाजी शेजारी बसतात आणि आवाजावरून गिअर सांगतात. बाजाराला मी तोच खांगा नेसून जाते. सून धुऊन देते म्हणाली, मी दिला नाही. काजळीचा तो गोल माझ्या मांडीवर अजून तसाच आहे.

येशील तेव्हा तुला बसथांब्यावरून मीच घेऊन येईन.
तुझी अक्का, तुसेकिले